युद्धकाळाच्या आठवणी शाळेसाठी कशा नोंदवाव्यात: नागपुरातल्या शिक्षकांच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या एका शाळेला १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांचा काळ पाहिलेल्या आजी-आजोबांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या आहेत आणि त्या नववी-दहावीच्या इतिहासाच्या तासाला वापरायच्या आहेत. दोन शिक्षक तयार आहेत, मोबाइल आहेत, पैसे बेताचे आहेत. सुरुवात कुठून करायची, आणि मुलांना मुलाखती घ्यायला पाठवावं का?

सुरुवात तासापासून करा, रेकॉर्डरपासून नको. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात वर्ग नीट ऐकून घेतो तो आवाज तीन-चार मिनिटांचा. त्यापुढे मुलं चुळबुळ करायला लागतात, मग सांगणारी व्यक्ती कितीही थोर असो. म्हणजे दीड तासाच्या मुलाखतीतून तुम्हाला तीन मिनिटांचे दोन-तीन तुकडे हवे आहेत, आणि त्या तुकड्यांत मुलांना पडताळून पाहता येईल असं काहीतरी हवं. बहुतेक शाळांचे असे उपक्रम इथेच फसतात. शौर्यकथा गोळा होतात, २६ जानेवारीला वाजवल्या जातात, टाळ्या मिळतात, आणि पेन ड्राइव्ह कपाटात जातो. इतिहासाच्या शिक्षकाला त्यातून शिकवण्यासारखं काही सापडत नाही, कारण त्यात तपशीलच नसतो. घरात रेडिओ कुठे ठेवला होता, साखर किती मिळायची, पत्र किती दिवसांनी यायचं, शाळेच्या प्रार्थनेत काय बदललं, हे ज्या मुलाखतीत आहे ती वर्गात चालते.

कोणाकडे जायचं

फक्त निवृत्त सैनिक शोधू नका. त्यांच्यापर्यंत पोचायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि माजी सैनिकांच्या संघटना हा सरळ मार्ग आहे. पण त्यांच्याकडे यादी मागू नका, ती ते देणार नाहीत आणि देऊही नये. शाळेच्या लेटरहेडवर एका पानाचं पत्र द्या, ते सदस्यांपर्यंत पोचवायची विनंती करा आणि खाली शिक्षकांचा फोन नंबर लिहा. ज्यांना बोलायचं आहे ते फोन करतात. अशी स्वतःहून आलेली माणसं मोकळी बोलतात.

नागपूर सीमेपासून दूर आहे, म्हणून इथे युद्धाचं काही नव्हतं असा समज असतो. तो सोडून द्या. दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा या दोन्ही रेल्वेमार्गांची गाठ इथे पडते, त्यामुळे लष्करी गाड्या पाहिलेले, त्यांना सिग्नल दिलेले, फलाटावर चहा पाजलेले लोक अजनी आणि स्टेशन परिसरात सापडतील. १९४९ पासून रात्रीची टपाल विमानं चार महानगरांतून नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर येऊन टपालाची अदलाबदल करत, तेव्हा टपाल खात्यातले निवृत्त लोक हेही महत्त्वाचे साक्षीदार. अंबाझरी, भंडारा आणि चांदा इथले दारूगोळा कारखाने १९६२ नंतरच्या काळात उभे राहिले. तिथल्या कामगारांच्या वसाहतींत आजही जुनी कुटुंबं आहेत. नागरी संरक्षणाचं प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था १९५७ पासून नागपुरातच होती. आणि १९६३ ते १९६८ या काळात कॉलेजच्या मुलांना एनसीसी सक्तीची होती, म्हणजे त्या वर्षांत मॉरिस किंवा सायन्स कॉलेजात शिकलेल्या जवळजवळ कुणाही गृहस्थाकडे परेडची, बुटांची, डमी रायफलची आठवण असते.

इतवारीच्या सराफ्यात जरूर जा. चीन युद्धाच्या पाठोपाठ, जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण नियम आले आणि १४ कॅरेटच्या वर नवे दागिने घडवायला बंदी झाली. देशभर हजारो कारागीर सोनारांचा धंदा बसला. त्याआधी काही आठवड्यांपूर्वी बायकांनी संरक्षण निधीला बांगड्या काढून दिल्या होत्या. एकाच युद्धाच्या या दोन बाजू एका तासात शेजारी शेजारी ठेवता येतात: एका आजीचा आवाज, एका सोनाराच्या मुलाचा आवाज. असा धडा कुठल्याही पाठ्यपुस्तकात आयता मिळणार नाही.

जरीपटक्यातल्या सिंधी कुटुंबांकडे १९४७ ची आठवण आहे. १९६५ उजाडलं तेव्हा ती जुनी जखम मनात होती. मोमिनपुऱ्यात किंवा ताजबागेत काही घरांचे नातलग सीमेपलीकडे होते. पत्रव्यवहार तुटला, तो पुन्हा जुळला की नाही, हा प्रश्न तिथे विचारता येतो, पण पहिल्याच भेटीत नाही आणि मुलांच्या तोंडून तर नाहीच. चामोर्शी-मुलचेऱ्याकडच्या बंगाली वसाहतींपर्यंत जायची तयारी असेल तर पूर्व बंगालच्या निर्वासितांची बाजूही मिळेल.

क्रम वयाने लावा. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचं रेशनिंग किंवा ऑगस्ट १९४२ मधला चिमूर-आष्टीचा उठाव आठवणारी माणसं आता नव्वदीपुढची आहेत. महार रेजिमेंटची दुसरी पलटण १९४१ मध्ये कामठीत उभी राहिली, त्या पिढीतलं स्वतः कुणी भेटणं आता जवळपास अशक्य, पण त्यांची मुलं भेटतात. ही मुलाखत 'ऐकीव' म्हणून वेगळी नोंदवा. १९७१ मध्ये विशीत असलेले लोक आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. ते चार-सहा महिने थांबू शकतात, नव्वदीचे नाही.

पहिल्या वर्षी आठ ते दहा मुलाखती पुरे. त्याहून जास्त केल्या तर उतरवून काढायला माणसं उरत नाहीत. न उतरवलेली मुलाखत शाळेच्या दृष्टीने झालीच नाही असं समजा.

वेळ आणि जागा

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. जुलै-ऑगस्ट तयारीला द्या, मुलाखती दिवाळीनंतर जानेवारीअखेरपर्यंत उरका. याचं कारण हवामान आहे. एप्रिल-मेमध्ये कूलर बंद ठेवून ऐंशीच्या घरातल्या माणसाला दीड तास बसवणं धोक्याचं, आणि कूलर चालू ठेवला तर रेकॉर्डिंगमध्ये फक्त कूलर ऐकू येतो. तो आवाज जाड-बारीक सगळ्या सुरांत पसरलेला असतो, नंतर काढायला गेलं की बोलणाराही डब्यातून बोलल्यासारखा होतो. पावसाळ्यात पत्र्यावरचा पाऊस. थंडीत पंखासुद्धा लागत नाही.

सकाळी दहा ते साडेअकरा ही वेळ सहसा बरी. नाश्ता आणि औषधं झालेली असतात, जेवण लांब असतं. मधुमेह असेल तर घरच्यांना आधी विचारून घ्या. दिवाणखान्यापेक्षा आतली खोली निवडा, जिथे गादी, पडदे, कपड्यांचं कपाट आहे. मऊ वस्तू आवाजाची घुमी शोषून घेतात. फ्रिज शेजारच्या खोलीत असला तरी त्याची घरघर येते, तेव्हा तो तासाभरासाठी बंद करायची परवानगी मागा आणि निघताना चालू करायला विसरू नका. त्यासाठी गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवणं हा जुना उपाय आहे. कुकर, भिंतीवरचं टोल्यांचं घड्याळ, दाराची घंटा, पोपट यांचीही आधीच सोय लावा.

एका बैठकीची मर्यादा साठ ते नव्वद मिनिटं. सांगणारा उत्साहात असला तरी थांबा. पुढच्या भेटीत नेहमी जास्त मिळतं, कारण मधल्या दिवसांत त्यांना आठवत राहतं.

यंत्रसामग्री

पैसे असतील तर एक साधा हातात मावणारा रेकॉर्डर आणि एक कॉलर माइक घ्या. नसतील तर मोबाइल चालेल, पण कॉलर माइकशिवाय नको. माइक हनुवटीखाली साधारण वीतभर अंतरावर, साडीच्या पदराला किंवा सदऱ्याच्या पट्टीला लावा. बांगड्या, मंगळसूत्र, शाल यांचा घासण्याचा आवाज कानाला हेडफोन लावल्याशिवाय कळत नाही, म्हणून एकाने पूर्ण वेळ हेडफोन लावून बसायचं. कानाचं यंत्र शिट्टी मारत असेल तर ते घालणाऱ्यालाच नीट बसवायला सांगा, तुम्ही हात लावू नका.

रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता पूर्ण साठवणाऱ्या) स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. स्टिरिओला (डावा-उजवा असा दुहेरी आवाज) तासाला साधारण १ जीबी जागा लागते, मोनोला (एकेरी) त्याच्या निम्मी. एका माणसाच्या बोलण्याला मोनो पुरेसं. आवाजाची पातळी अशी ठेवा की मोठ्याने बोललं तरी काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल. रेकॉर्डरमध्ये आपोआप पातळी ठरवण्याची सोय असते, ती बंद करा. ती चालू राहिली तर बोलणारा गप्प झाला की यंत्र खोलीतला आवाज वर खेचतं, आणि याच शांत जागा पुढे वर्गात सगळ्यात उपयोगी ठरतात. काही रेकॉर्डर २ जीबी झाल्यावर फाइल तोडून नवी सुरू करतात. त्याने घाबरू नका, फक्त दोन्ही तुकडे जपा.

मोबाइल वापरत असाल तर विमान-मोडवर टाका. निव्वळ 'सायलेंट' केला तर फोन आला की रेकॉर्डिंग थांबतं. चार्जर लावून रेकॉर्ड करू नका, ५० हर्ट्झची गुणगुण येते. रेकॉर्डरच्या जोडीला दुसरा मोबाइल बाजूला चालू ठेवा. एक यंत्र दगा देतंच, कधी ते सांगता येत नाही.

व्हिडिओ हवा का, हा प्रश्न नेहमी येतो. पहिल्या वर्षी नको. कॅमेरा समोर आला की माणूस भाषण करायला लागतो, घरचे त्याला नवा सदरा घालायला लावतात, आणि मुलं चौकटीकडे बघत बसतात, ऐकत नाहीत. हाताने काही करून दाखवायचं असेल, म्हणजे स्टोव्ह पेटवणं किंवा पट्ट्या गुंडाळणं, तेवढाच भाग चित्रित करा. बाकी फोटो पुरे.

सुरुवातीला तारीख, ठिकाण, सांगणाऱ्याचं आणि विचारणाऱ्याचं नाव, आणि 'रेकॉर्ड करायला आपली परवानगी आहे ना?' हे सगळं आवाजात नोंदवा. शेवटी अर्धा मिनिट कुणीही न बोलता खोलीचा आवाज घ्या. तुकडे जोडताना तो उपयोगी पडतो.

विचारायचं कसं

एक भेट रेकॉर्डरशिवाय करा, अर्ध्या-पाऊण तासाची. जन्मवर्ष, शाळा, घर कुठल्या मोहल्ल्यात, घरात किती माणसं, कोण नोकरीला, लग्न कधी, एवढं टिपून घ्या. गोष्ट सुरू झाली तर हळूच थांबवा: 'आजोबा, हे तर रेकॉर्डवरच हवं.' एकदा सांगून झालेली गोष्ट दुसऱ्यांदा आखडते.

'युद्धाबद्दल सांगा' या प्रश्नाला पाठ्यपुस्तकातलं उत्तर येतं. 'भीती वाटली असेल ना?' याला 'हो' येतं. दोन्ही वाया. त्याऐवजी असे प्रश्न ठेवा:

'त्या वर्षी तुम्ही कोणत्या इयत्तेत होता? शाळेत कसे जायचे?'
'बातमी पहिल्यांदा कुठून कळली? तेव्हा घरात कोण कोण होतं?'
'संध्याकाळी दिवे लावायची वेळ झाली की काय करायचे?'
'दुकानात काय मिळेनासं झालं? त्याऐवजी काय आणायचे?'
'घरात याबद्दल कोण बोलायचं आणि कोण बोलायचं नाही?'

शेवटचा प्रश्न नेहमी काहीतरी नवं देतो. आणि उत्तर संपल्यासारखं वाटलं की मनात पाच अंक मोजा. मुलांना हे सगळ्यात कठीण जातं, ती लगेच पुढचा प्रश्न वाचतात. वर्गात जोड्या लावून आधी चार-पाच वेळा याचा सराव घ्या.

घरचे मध्ये बोलतात: 'बाबा, तसं नव्हतं, ते पासष्ट साली.' त्यांना रागावू नका. त्यांची वेगळी दहा मिनिटं घेऊ असं सांगा आणि तोवर चहाच्या निमित्ताने एखाद्या शिक्षकाने त्यांना दुसऱ्या खोलीत घेऊन बसावं. सून समोर असताना सासू काय बोलते आणि एकटी असताना काय बोलते, यात बराच फरक पडतो.

मुलांना पाठवायचं का? हो, पण दोन मुलं आणि एक शिक्षक, एवढंच. एक मूल विचारेल, दुसरं हेडफोन सांभाळेल. पाच-सहा जणांचा घोळका गेला की मुलाखतीचा सत्कार समारंभ होतो. माजी सैनिकाकडे जायच्या आधी मुलांना स्पष्ट सांगा की 'किती जणांना मारलं?' हा प्रश्न विचारायचा नाही. दहापैकी नऊ मुलांच्या डोक्यात तोच असतो. त्याऐवजी हुद्दा आणि तो कोणत्या वर्षी मिळाला, गाडीने कुठपर्यंत गेलात, पहिलं गरम जेवण कधी मिळालं, घरच्या पत्रात काय लिहायचं नाही असं सांगितलं होतं, हे विचारा. ते ज्या हुद्द्यावरून निवृत्त झाले त्यानेच हाक मारा, 'सुभेदार साहेब' म्हटलेलं त्यांना आवडतं. कारखान्यातल्या निवृत्त कामगारांना उत्पादन, आकडे, यंत्रं यांबद्दल विचारू नका. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही लागू आहे आणि त्यांना त्याची पूर्ण जाणीव असते. डबा, पाळी, बस, ओव्हरटाइम यावर ते तासभर बोलतील.

शहीद सैनिकाच्या पत्नीची मुलाखत फक्त अनुभवी प्रौढ व्यक्तीने घ्यावी. तार कशी आली, ही गोष्ट त्यांनी स्वतः काढली तरच. गळा दाटला तर हात यंत्राकडे नेण्याआधी विचारा: 'थांबवू का?' काही जणी 'चालू राहू दे' म्हणतात, आणि तो निर्णय त्यांचा असतो. निघताना लगेच उठू नका, दहा-पंधरा मिनिटं इकडचं तिकडचं बोला. दुसऱ्या दिवशी फोन करा.

आठवण तपासायची कशी

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि शाळा नेमका हाच गाळतात.

पासष्ट आणि एकाहत्तर आठवणीत एकमेकांत मिसळतात. खिडक्यांना काळे कागद लावल्याची आठवण कधी मुंबईच्या मावशीकडची असते, कधी सिनेमातली. माणूस खोटं बोलत नसतो, आठवण तशीच बनते. म्हणून तारीख विचारण्यापेक्षा खुंट्या शोधा. नागपुरात सगळ्यात भक्कम खुंटी म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ ची बाबासाहेबांची धम्मदीक्षा. 'दीक्षेच्या वेळी केवढे होता?' म्हटलं की वय नेमकं लागतं. १ मे १९६० चं महाराष्ट्र राज्य, १ एप्रिल १९५७ ला आलेले नवे पैसे, १९७२ चा दुष्काळ याही चांगल्या. पंतप्रधान कोण होते हे विचारलं की नेहरू, शास्त्री आणि इंदिरा गांधी अशी तीन युद्धं सरळ वेगळी होतात. सोमवारी संध्याकाळी चूल पेटवायची नाही ही आठवण शास्त्रीजींच्या आवाहनाची, म्हणजे १९६५ ची.

सण आणि तिथी फार कामाला येतात. चीनचा हल्ला २० ऑक्टोबर १९६२ ला झाला आणि दिवाळी त्याच महिन्याच्या अखेरीस होती, म्हणजे 'त्या दिवाळीला फटाके आणले नाहीत' ही आठवण जुळते. ६ सप्टेंबर १९६५ ला लाहोर आघाडी उघडली तेव्हा गणपती बसलेले होते. १९७१ ची दत्तजयंती डिसेंबरच्या अगदी सुरुवातीला झाली आणि ३ तारखेला युद्ध भडकलं. चंद्र रोज उतरत होता, १६ डिसेंबरला शरणागती झाली तेव्हा अमावास्या एका दिवसावर होती. 'ढाका पडलं त्या रात्री टिपूर चांदणं होतं' असं कुणी म्हटलं तर ती रात्र दुसरी असणार.

कागदांनी तपासा. दैनिक 'लोकमत' नागपुरातून १५ डिसेंबर १९७१ ला सुरू झालं. तेव्हा युद्ध सुरू झाल्याची बातमी त्यात वाचली असं कुणी सांगितलं तर तिथे प्रश्नचिन्ह करा. ते बहुधा 'तरुण भारत' किंवा 'हितवाद' असेल. जुनी पत्रं निघाली तर पाकिटावर पाहा: ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ हा लष्करी टपालाचा पत्ता असतो, त्यातला ९९ पूर्वेकडचा. नोव्हेंबर १९७१ नंतरच्या पाकिटांवर निर्वासित मदतीचं ५ पैशांचं जादा तिकीट दिसेल. रेडिओ लायसन्सचं पुस्तक, रेशनकार्ड, संरक्षण निधीची पावती, एनसीसीचं प्रमाणपत्र, यातलं काहीही समोर ठेवलं की आठवण पटकन जागी होते, म्हणून पहिल्याच भेटीत 'जुनं कागदपत्र असेल तर काढून ठेवा' असं सांगा. वर्तमानपत्रांच्या जुन्या फाइली शहरातल्या मोठ्या वाचनालयांत आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात पाहायला मिळतात. मुलांना तिथे न्या. एका तारखेची एक बातमी शोधून आणणं हाही एक पूर्ण तास होतो.

आठवण चुकीची निघाली तर काय? रेकॉर्डिंगमधून काढू नका, सांगणाऱ्यालाही टोकू नका. उतरवलेल्या मजकुरात खाली टीप द्या. वर्गात तोच तुकडा वाजवा, मग वर्तमानपत्राचं कात्रण दाखवा आणि विचारा की आजींना असं का आठवत असेल. मौखिक इतिहास शिकवायचा तर यापेक्षा चांगला प्रश्न मिळणार नाही.

कागद आणि फोटो घरातून नेऊ नका. तिथेच खिडकीच्या उजेडात, सपाट ठेवून टिपा. स्कॅनर नेला असेल तर फोटो ६०० डीपीआय, कागद ३०० डीपीआय. फोटोची मागची बाजूही घ्या, नाव-तारीख तिथेच असते. अल्बममधून चिकटलेला फोटो उचकटू नका. आणि कुणी 'लॅमिनेशन करून आणतो' म्हणालं तर हात जोडून थांबवा. त्याने कागद कायमचा जातो.

परवानगी

एका सहीत सगळं उरकणारा फॉर्म करू नका. मराठीत, मोठ्या टायपात, आणि गरज असेल तिथे हिंदी किंवा उर्दूत. मोठ्याने वाचून दाखवायचा. त्यात वेगवेगळ्या चौकटी हव्यात: शाळेत वाजवायला हरकत नाही, दुसऱ्या शाळांना द्यायला हरकत नाही, इंटरनेटवर टाकायला हरकत नाही, नाव लावा किंवा लावू नका, अमुक भाग अमुक वर्षापर्यंत बंद ठेवा. शिवाय माझ्यामागे याबद्दल कोणी ठरवायचं, ते नाव. पुष्कळ लोक पहिल्या चौकटीला आनंदाने हो म्हणतात आणि तिसरीला नाही. तो नकार पाळा.

दुसरी परवानगी तुकडा तयार झाल्यावर घ्या, तो ऐकवून. दीड तासातले तीन मिनिट निवडताना अर्थ बदलू शकतो, आणि शेजाऱ्याबद्दल किंवा दिराबद्दल सहज बोललेलं वाक्य वर्गभर गेलं की घरात भांडण होतं. विद्यार्थ्यांचे आवाज आणि नावंही रेकॉर्डिंगमध्ये असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, तेव्हा तोही फॉर्म आधीच भरून घ्या.

उतरवणं, तुकडे करणं, साठवणं

त्याच संध्याकाळी फाइल दोन ठिकाणी उतरवा, तोवर कार्ड पुसू नका. नावं सरळ ठेवा: वर्ष-महिना-दिवस, सांगणाऱ्याचा क्रमांक, भाग. उदाहरणार्थ २०२५१२१४_०७_०१. प्रत्यक्षात इंग्रजी आकडे वापरा, मध्ये मोकळी जागा सोडू नका. 'आजोबा फायनल नवीन २' अशा नावाची फाइल दोन वर्षांनी कुणालाही ओळखता येत नाही. क्रमांक आणि व्यक्ती यांची यादी वहीत, आणि ती वही मुख्याध्यापकांच्या कपाटात.

आधी वेळपत्रक करा: दर दोन-तीन मिनिटांना एक ओळ, त्यात विषय, ठिकाणं, नावं. तासाभराच्या रेकॉर्डिंगला हे दोन तासांत होतं. शब्दशः उतरवायला तासाला सहा ते आठ तास लागतात, म्हणून ते फक्त निवडलेल्या भागाचं करा. मोबाइलमधल्या आपोआप लिहिणाऱ्या सोयी प्रमाण मराठीला बऱ्या आहेत, पण 'आम्ही तिकडं पाहून राहिलो होतो न बाप्पा, का हवाई जहाज येते का काय' असं बोलणं आलं की त्या काहीच्या बाही लिहितात आणि गावांची नावं तर हमखास बिघडवतात. शिवाय आवाज बाहेरच्या सर्व्हरवर जातो, त्याला परवानगी घेतली आहे का ते पाहा. उतरवताना बोली दुरुस्त करू नका. वऱ्हाडी-नागपुरी, मध्येच येणारी हिंदी, अर्धवट सोडलेली वाक्यं जशीच्या तशी. मराठीच्या शिक्षकांना हे खुपतं, त्यांच्याशी आधीच बोलून घ्या.

मूळ फाइलला कधीही हात लावायचा नाही. प्रत काढून तीवर काम करा. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ८० हर्ट्झखालचं कापलं की जमिनीची धडधड आणि माइकला लागलेले धक्के जातात. आवाज स्वच्छ करण्याची सोय मोजकीच वापरा. तुकडा वर्गातल्याच स्पीकरवर, खिडक्या उघड्या ठेवून ऐकून पाहा. हेडफोनवर उत्तम वाटलेलं शेवटच्या बाकावर अनेकदा ऐकूच येत नाही. सोबत छापील मजकूर द्या, म्हणजे ऐकायला त्रास असलेली मुलंही मागे पडत नाहीत.

प्रत्येक तुकड्याला एका पानाची जोडपत्रिका हवी: कोण बोलतंय आणि तेव्हा वय किती, कुठे राहत होते, तुकड्याआधी आणि नंतर मुलाखतीत काय होतं, पडताळून काय जुळलं आणि काय नाही, तीन प्रश्न. ही पत्रिका नसेल तर पुढच्या वर्षी बदलून आलेल्या शिक्षकाला तो आवाज निरुपयोगी आहे. तासाला तुकडा दोनदा वाजवा. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं, दुसऱ्यांदा कागदावर टिपायचं.

साठवणुकीत तीन प्रती: दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या हार्ड डिस्क आणि एक शाळेच्या इमारतीबाहेर. दहा मुलाखती म्हणजे मोनोमध्ये आठ जीबीसुद्धा भरत नाहीत, तेव्हा जागेची काटकसर करून एमपी३ मध्ये साठवू नका. फाइलींचे चेकसम (फाइलीवरून संगणकाने काढलेला ओळख-आकडा) एकदा काढून ठेवले की पुढे एखादी बिघडली तर कळतं. दर वर्षी परीक्षा संपल्यावर डिस्क लावून दोन-चार फाइली प्रत्यक्ष ऐका. पेन ड्राइव्ह ही साठवणूक नव्हे, ती फक्त कुटुंबाला प्रत देण्यासाठी. ती मात्र महिन्याभरात नेऊन द्या, फोटोंच्या प्रतींसकट.

दोन-तीन वर्षं काम टिकलं की पूर्ण संच विद्यापीठाचा इतिहास विभाग किंवा राज्य पुराभिलेख विभागाचं नागपूर कार्यालय यांच्याकडे ठेवायची विचारणा करा. ते पहिल्यांदा फॉर्म आणि याद्या मागतील, आवाज नंतर ऐकतील. परवानगीचे मूळ कागद शाळेतच ठेवा, त्यांना प्रती द्या, आणि कोणती मुलाखत कोणत्या वर्षापर्यंत बंद आहे याचा तक्ता सगळ्यात वर लावा.